जड

“मास्तर, पाठ ताठ! पायांत जोर द्या, पायांत!” जिमच्या बाई ओरडल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, धाक मात्र सासूचा. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेली पाठ ताठ करायची म्हणजे काय गंमत आहे?

या वयात मला दंड फुगवून मिरवायचं नव्हतं. मणक्यातल्या गाठीने बायकोचे पाय गेले, तेव्हापासून ती पलंगावरच. एकदा तिला खुर्चीत बसवायला गेलो आणि दोघंही जमिनीवर आलो. शेजारी येईपर्यंत तशीच पडून ती म्हणाली, “देवा, उचल रे आता मला.”

मला असा राग आला! “देवाला कशाला हाक मारतेस? मी मेलोय का? मीच उचलतो.”

बाईंनी तिचं वजन विचारलं. दवाखान्यात भरलेलं सांगितलं, अठ्ठावन्न किलो.

“रिकाम्या दांडीपासून सुरू करू. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवू. घाई केलीत तर तुम्हीच पलंग धराल.”

दांडीवर चकत्या चढत गेल्या. इकडे बायकोचं खाणं तुटलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, गाठ पसरलीय. तिला कुठल्या तोंडाने सांगणार? गाऊन ढगळ झाला की धुवायला म्हणून न्यायचो आणि बाजूच्या शिवणी आत घ्यायचो. तिला वाटायचं, आहे तशीच आहे मी.

परवा अठ्ठावन्न किलो उचललं. सगळ्या जिमने टाळ्या वाजवल्या. मी घाम न पुसता तडक घर गाठलं. गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, तिच्याखाली हात घातले आणि होता नव्हता तो जोर लावला.

मागेच कोसळणार होतो. हातात काही नव्हतंच. नुसता गाऊन उचलावा तशी ती वर आली.

“अगबाई! जमलं की हो तुम्हाला!” तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मग हळूच विचारलं, “फार जड आहे का हो मी?”

मी मुद्दाम धापा टाकल्या. “जड? कंबरडं मोडलंस माझं!”

“बघा,” ती खूश होऊन म्हणाली, “मग देवाला काय जमणार!”

खुर्ची समोरच होती. मी तिला तसाच धरून उभा राहिलो.