वीणेला पहारा, लेकराला गाठ

सातपूरच्या कामगार चाळीत नळाला सकाळी पाणी येई आणि बघता बघता जाई. तेवढ्या वेळात शकुबाई आपल्या नऊ वर्षांच्या गोरक्षला खिडकीच्या गजाला बांधून ठेवी. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. मनगटाला सैल फेरा, गजाला पक्की गाठ. गोरक्ष बोलत नसे. हाकेला वळून बघत नसे. फिरणारं चाक दिसलं की मात्र त्याचे डोळे हसत, आणि दार उघडं सापडलं की तो थेट त्र्यंबक रस्त्याकडे पळे. तिथं कंपन्यांच्या बसगाड्या भरधाव जात. नवरा पुंजा पहिल्या पाळीला गेलेला, घरात दुसरं मोठं माणूस नाही. आता सांगा वाचकहो, त्या बाईनं हंडा धरावा की पोर धरावं?

चाळीला हा प्रश्न कधी पडला नव्हता. चाळीला दिसत होती ती फक्त गाठ.

“पोटचं पोर बांधून ठेवायचं म्हंजे काळीज कशाचं असंल बाई!” सुलाबाई नळावर मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

“मग पाणी भरंपर्यंत तुझ्याकडं सोडू का त्याला?” शकुबाईनं विचारलं.

“माझ्याकडं? माझी पोरं लहान हायेत. त्यांनी ते येडेचाळे उचलले म्हंजे?”

बायका हसल्या. शकुबाईनं हंडा नळाखाली सरकवला.

ते एकोणऐंशी साल. चाळीच्या मारुतीपुढं हरिनामाचा सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. या पहाऱ्याची सगळी व्यवस्था सावळीरामकडे. भजनी मंडळाचा तो म्होरक्या, दुसऱ्या पाळीचा कामगार. आवाज असा की कीर्तनकार बुवांनी पद सोडावं आणि यानं वरच्यावर झेलावं! आदल्या संध्याकाळी बुवांनी भूतदयेवर कीर्तन केलं. काय रंगलं म्हणता! सावळीरामच्या डोळ्यांना धार लागली होती.

सकाळी कपाळी बुक्का लावून तो पहाऱ्याला निघाला, तर वाटेत खिडकीशी बांधलेला गोरक्ष दिसला. कालचं कीर्तन अंगात होतंच.

“शके!” तो नळाकडं बघून गरजला. “दारात सप्ताह बसलाय आन् तू लेकरू वासरावानी बांधतीस? लाज नाय वाटत?”

“भाऊ, सोडू नका! थांबा, मी आले!” शकुबाई ओरडली. पण सावळीराम आत शिरला होता. त्यानं गाठ सोडली. “जा बाळा, मोकळा हो!” म्हणाला, आणि दार तसंच उघडं टाकून देवळात गेला. वीणा गळ्यात घेऊन प्रसन्न मनानं नाम घेऊ लागला.

शकुबाई गर्दीतून वाट काढत येईपर्यंत खोली रिकामी होती.

ती देवळाकडं धावली. “सावळीभाऊ, गोरक्ष रस्त्याकडं गेला! तुम्ही पळा हो, माझ्यानं तो गाठायचा नाही!”

“मी कसा येणार?” सावळीराम म्हणाला. “माझा पहारा हाय. वीणा खाली ठेवता येत नाय.”

हो, असंच म्हणाला तो! आणि टाळकरी खाली मान घालून टाळ वाजवत राहिले!

तेवढ्यात खांबाशी बसलेली त्याची म्हातारी आत्या लंकाबाई उठली. तिनं सावळीरामच्या गळ्यातली वीणा काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

“आत्या, बाईमाणसानं वीणा...” एक टाळकरी पुटपुटला.

“गप बस! पोर चाकाखाली गेलं तर देवाला काय शास्त्र सांगशील? सावळ्या, पळ!”

सावळीराम अनवाणी पळाला. रस्त्यावर बस तिरपी होऊन थांबली होती. पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर गोरक्ष उकिडवा बसून चाकावरून हात फिरवत होता. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं.

“कुणाचं हे येडं?” ड्रायव्हर ओरडला. “सांभाळता येत नाय तर बांधून ठेवा ना घरात!”

 सावळीरामनं गोरक्षचा हात धरला. पोरानं हिसडे दिले, मनगटाला कडकडून चावा घेतला. चाळीपर्यंत येताना या धडधाकट माणसाला घाम फुटला. आणि शकुबाई हे रोज करत होती!

देवळापुढं चाळ जमली होती. शकुबाईनं पोराला पोटाशी धरलं. लंकाबाई वीणेसकट पायरीवर आली.

“ही वीणा लाकडाची,” ती म्हणाली. “ही पळत नाय, चावत नाय. तरी हिच्यासाठी रात्रंदिवस माणसं उभी राहतात, वेळेवर दुसरा येऊन पहिल्याला मोकळा करतो. या लेकराचा पहारा नऊ वर्षं एकटी बाई देतेय. तिला मोकळं करायला कोण आलं? तू गाठ सोडलीस, सावळ्या. हात धरलास का?”

“पर आत्या, त्याला कळतं तरी काय?” सुलाबाई म्हणाली.

“तुला कळतं ना? मग झालं की!”

सावळीरामची मान खाली गेली. “चुकलो, शकुताई. उद्यापासून नळाच्या वेळी पहारा माझा.”

“आन् पाळी बदलली म्हंजे?” शकुबाईनं रोखून विचारलं. तिचा अजून विश्वास नव्हता, आणि का असावा?

“तवा मी धरीन,” सुलाबाई हळूच म्हणाली. “पर चावला तर?”

“चावला तर ओरड,” लंकाबाई म्हणाली. “हात सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी सावळीरामनं आपली सायकल शकुबाईच्या दारात स्टँडवर लावली. गोरक्षनं पायडल फिरवलं, मागचं चाक सूं करत फिरू लागलं, आणि तो खळखळून हसला! त्याचं हसू चाळीनं असं कधी ऐकलंच नव्हतं. शकुबाई नळावर होती. लुगड्याच्या त्या पट्टीची चुंबळ करून तिनं डोक्यावर ठेवली आणि वर भरलेला हंडा घेतला.

वाचकहो, तुमच्याही आळीत अशी एखादी खिडकी असेल. तिथली गाठ बघून संतापायला काही लागत नाही. त्या संतापाचा त्या आईला उपयोगही नाही. आत जा, लेकराचा हात धरा, तिला तासभर मोकळं करा. ज्या वस्तीत वीणेला पहारेकरी मिळतात आणि लेकराला मिळत नाहीत, तिथं सप्ताह अजून बसलेलाच नाही!