जेवणानंतरची डाक

चिंतामणरावांच्या बोटांना कंप सुटला, तेव्हापासून त्यांच्या फोनवरचे मेसेज सुधाताई कॉम्प्युटरवरून लिहायच्या. दिवाळीला लेक सई नाशिकहून आली होती, तिनंच फोन कॉम्प्युटरला जोडून दिला. फोन चिंतामणरावांच्या खिशात असो नाहीतर अंगणातल्या खुर्चीवर, आलेला मेसेज आतल्या खोलीत मोठ्या पडद्यावर दिसायचा आणि तिथून लिहिलेलं उत्तर त्यांच्याच नावानं जायचं.

"बाबा, तुम्ही नुसतं सांगायचं," सई म्हणाली होती. "आई टाइप करेल. तिला सवयच आहे."

सवय होती खरी. वालचंदनगरच्या कारखान्यात सुधाताईंनी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली होती. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा गेटातून आत शिरायचा, त्यात या एकट्या बाई सायकलवर, पदर कमरेला खोचलेला. नऊ वाजता डाक यायची. पाकिटं फोडायची, शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि साहेबांच्या टेबलावर फाईल ठेवायची. साहेब रक्तदाबाचे. हेडक्लार्क आप्पांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाई, वाईट कागद तळाला घालायचा. सायबांचं जेवण झालं की मग वर काढायचा. तवर कागद काय पळून जात न्हाय." सुधाताईंनी ते इतकं मुरवून घेतलं की पुढं घरातसुद्धा त्या तसंच करत आल्या. दिराच्या अपघाताची तार त्यांनी तीन तास पिठाच्या डब्याखाली ठेवली होती आणि चिंतामणरावांचं ताट उचलल्यावरच बाहेर काढली होती.

सुरुवातीला चिंतामणराव शब्दन् शब्द सांगत. मग "लिही काहीतरी" म्हणू लागले. मग तेही थांबलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, गॅस सिलिंडरची सूचना, जुन्या सोबत्यांचे नमस्कार, सगळ्याला सुधाताईच उत्तर देत. त्यांनी मेसेज उघडला की फोनवरचा नव्या मेसेजचा ठिपका आपोआप जाई. ठिपका नाही म्हणजे काही आलं नाही, असं चिंतामणराव समजत.

जानेवारीत त्यांच्या मानेवर गाठ दिसली. बारामतीच्या दवाखान्यात तिचा तुकडा तपासायला घेतला. नंतरच्या मंगळवारी, सकाळचा चहा उकळत असताना, पडद्यावर मेसेज आला: "आपला अहवाल आला आहे. गुरुवारी अकरा वाजता नातेवाइकासह डॉक्टरांना भेटावे."

नातेवाइकासह. सुधाताईंनी तो एक शब्द पुन्हा पुन्हा वाचला. चांगला अहवाल न्यायला कुणी नातेवाईक बोलवत नाही.

बाहेरच्या खोलीत चिंतामणराव जमिनीवर मोठा कागद पसरून बसले होते. फेब्रुवारीत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या जुन्या माणसांचा मेळावा होता. ऑफिस आता तसं उरलं नव्हतं, म्हणून पूर्वी कोण कुठल्या टेबलावर बसायचं याचा नकाशा ते हातानं काढत होते. हात थरथरायचा, पण पट्टी धरली की रेघ सरळ यायची. दोन महिने ते त्या कागदात होते, आणि कैक वर्षांत सुधाताईंनी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

त्या दारातूनच परत आत कॉम्प्युटरपाशी गेल्या. "आपला संदेश मिळाला. घरगुती अडचणीमुळे या गुरुवारी येणे शक्य नाही. पुढील तारीख कळवावी. कळावे, आपला, चिंतामण." पाठवून टाकलं. मेळावा होईपर्यंतच, असं त्यांनी मनाला बजावलं.

त्याच दुपारी निमगाव केतकीहून खाजाभाई आले. ड्रॉइंग ऑफिसात चिंतामणरावांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी उमर काढलेली. दारातूनच ओरडले, "काय ओ चिंतामणराव, हल्ली लई भारी लिवताय! 'आपला संदेश मिळाला, आभारी आहे.' मला वाटलं कारखान्यानं पुन्यांदा नोटीस धाडली का काय!"

"ते मी नाही लिहीत, खाजा. ते आवक-जावक लिहितं," चिंतामणरावांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

"वहिनी, मग पगारवाढ मागा की!"

"तुमच्या साहेबांनी अजून बोनसही दिला नाही," सुधाताई चहा घेऊन येत म्हणाल्या. हसल्यासुद्धा.

खाजाभाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "गळ्याला पट्टी कशापायी?"

"गाठ आहे जरा. रिपोर्ट यायचाय."

"यायचाय न्हवं? मग निर्धास्त ऱ्हावा. काय असतं तर दवाखान्यानं कवाच बोलावलं असतं."

"मी हिला तेच म्हणतो," चिंतामणराव म्हणाले.

सुधाताई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आत्ता सांगावं, असं वाटलं. बाहेर दोघं कुठल्याशा टेबलावरून भांडत होते. "तितं खिडकी हुती!" "नव्हती, तिथं कपाट होतं!" त्यांनी ट्रे विसळायला घेतला.

मेळावा झाला. नकाशापुढं म्हातारी माणसं रांग लावून उभी राहिली, आपापल्या टेबलावर बोट ठेवून कुणी कुणी डोळे पुसले. घरी येऊन चिंतामणराव चार दिवस तेच बोलत होते. दवाखान्यानं दिलेली नवी तारीख त्याच आठवड्यातली होती. सुधाताई रोज सकाळी ठरवायच्या, आज सांगायचं. आणि रोज ते काहीतरी आठवून हसायचे. सुधाताईंनी दवाखान्याकडं पुन्हा तारीख मागितली. सईनं बाबांना मेसेज करून विचारलं, "रिपोर्ट आला का?" तिला सुधाताईंनी बाबांच्या नावानं लिहिलं, "अजून नाही. काळजी नसावी."

पण फोनची घंटी कॉम्प्युटरवर वाजत नाही. मार्चमध्ये एका सकाळी दवाखान्यातून फोनच आला आणि तो चिंतामणरावांनी अंगणात उचलला. आत आले तेव्हा चेहरा गोंधळलेला. "उद्याच या म्हणतायत. रिपोर्ट कधीचाच आलाय म्हणे. अगं, आपल्याला कसं कळलं नाही?"

सुधाताई म्हणाल्या, "उद्या जाऊ."

डॉक्टरीणबाई वयानं सईएवढ्याच. त्यांनी मान चाचपली, बराच वेळ. मग हात पुसून समोर बसल्या. "काका, जानेवारीत ही गाठ सुटी होती. तेव्हा काढता आली असती. आता ती मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसलीय. आता शस्त्रक्रिया नाही करता येणार. औषधं देऊ, वेदना कमी ठेवू. पण तुम्ही इतका उशीर का केलात?"

"मला निरोपच नव्हता."

"असं कसं? तुमचीच उत्तरं आहेत," म्हणून त्यांनी टेबलावरचा पडदा त्यांच्याकडं वळवला.

चिंतामणरावांनी चष्मा लावला. सुधाताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. पहिलं उत्तर त्यांनी सावकाश वाचलं. मग दुसरं. 'कळावे' या शब्दाशी त्यांची नजर थांबली.

"हो," ते म्हणाले. "मीच लिहिलंय. विसरलो होतो."

बाहेर पडल्यावर ते स्टँडपर्यंत पुढं पुढं चालत आले. बाकावर बसले. सुधाताईंनी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

"अहो, मला वाटलं, मेळावा तेवढा होऊ दे. तुम्ही इतके..."

"माझं पत्र होतं ते, सुधा."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"ते कळलं मला. म्हणून तर आत तसं बोललो." ते समोरच्या फलाटाकडं बघत होते. "मेळाव्याला गेलोही असतो कदाचित. नसतोही. ते मी ठरवायचं होतं. तू सईलासुद्धा माझ्या नावानं खोटं सांगितलंस का?"

सुधाताईंनी होकारार्थी मान हलवली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

चिंतामणरावांनी खिशातून फोन काढला, मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. बोट एका अक्षरावर जायचं, घसरायचं, भलतंच उमटायचं. ते खोडून पुन्हा. 'सई' एवढं लिहायला त्यांना कितीतरी वेळ लागला. सुधाताईंचे हात दोन-तीनदा पुढं झाले आणि पदराखाली परत गेले.

वालचंदनगरची गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली, माणसं चढली. चिंतामणरावांनी मान वर केली नाही. गाडी मागं झाली, वळली आणि गेली. ते लिहीत होते. काय लिहितायत ते सुधाताईंना दिसत नव्हतं. पिशवी छातीशी धरून त्या त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.