लिंबाखालचा ढीग

"भाऊ, हा लिंबाखालचा ढीग बी टाकू काय कुकरात?" मुन्नानं विचारलं. हळद शिजवायचा कुकर घेऊन तो आसेगावात घरोघर फिरत होता आणि इंद्रभानचा नंबर एकदाचा लागला होता.

"टाक ना बाप्पा. मले काहून इचारतं?"

बायकोला, गोजराबाईला, जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. इंद्रभानला ढीग दिसत होते. कोणता कशाचा हे डोक्यात शिरत नव्हतं. संध्याकाळी सून मंजुषा लिंबाखाली झाडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "मामाजी, बेनं कुठी गेलं?"

शिजलेली हळद उगवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंद्रभानचा तर जन्म हळदीत गेला होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

ते बेणं गोजराबाईच्या माहेरचं. ओटीत सुकं हळकुंड घालतात, पण तिच्या आईनं लग्नात सात कच्चे गड्डे घातले होते. पोरीच्या आईचं डोकं फिरलं, असं सासू म्हणाली होती. त्या सात गड्ड्यांची वाढत वाढत एकरभर हळद झाली. मग गोजराबाई दर साली मागेल त्याला पायली-दोन पायली बेणं देऊ लागली. दिलेलं परत मागायचं नाही, हा तिचा नेम. "साऱ्या गावाले पोसून राह्यली काय?" म्हणून इंद्रभान चिडायचा.

दुसऱ्या दिवशी तोच थैली घेऊन बेणं मागायला निघाला. लाज वाटत होती. पण तिचं म्हणून एवढंच उरलं होतं आणि ते त्यानंच उकळलं होतं.

पहिल्याच घरी रामीबाईनं तोंडाला पदर लावला. "आमी कायले ठेवतो, भाऊ? गोजराबाई देतेच म्हनून सारं शिजवून टाकतो."

पुढच्या चार घरी हेच. कोणी बाजारातलं नवं वाण आणलं होतं, कोणी हळदच सोडली होती. अख्खं गाव एका बाईच्या भरवशावर निर्धास्त होतं.

शेवटचं घर म्हाताऱ्या नानीबाईचं. अंगणात हळदीचा एकच वाफा, तोही खणून रिकामा. तिला दिसत कमी होतं, पावलांवरूनच तिनं ओळखलं.

"इंद्रभान काय रे? गोजरा गेली, पन तू तिचा नेम चालवून राह्यला. माह्या वाफ्याचं बेनं आनलं न?"

इंद्रभाननं उगाचच थैली पाठीमागे धरली. "तुह्यापाशी जुनं काही नाही काय, काकी?"

"एक गड्डा नाही. म्हनून तं तुही वाट पाहून राह्यली. अन् आयक, तिच्याच हातचं देजो. बजारातलं नको मले."

खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात नानीबाई भिंतीला धरून आत गेली आणि धुऊन ठेवलेली आपली थैली घेऊन आली.

"हो, काकी," इंद्रभान म्हणाला. "तिच्याच हातचं आनतो."

आणि त्यानं थैली घेतली.