हिरवी वायर

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, म्हणजे दुसऱ्याचा आवाज मोठा करून देणारी पेटी. आधीच सांगून टाकतो, मिरवावं असं माझ्या आयुष्यात थोडंफार होतं, पण मी तुम्हाला बोलावलंय ते त्यासाठी नाही. माझ्यामुळे एका म्हातारीचं गाणं बंद पडलं. ते कसं पडलं हे माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं आणि तो तोंड मिटून बसला. मला स्वतःचा आवाज नाही, म्हणून मीही बसलो. आता मात्र बसवत नाही.

माझा जन्म ठाण्यातल्या वर्तकनगरचा. शिवराम नावाचे गृहस्थ दिवसा कंपनीत जायचे आणि संध्याकाळी गॅलरीत बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला एकेक पार्ट जोडून बनवलं. माझ्या पोटात बल्बसारखे काचेचे वॉल्व्ह आहेत. ते तापायला पाच मिनिटं लागतात, तोवर माझ्याकडून हूं नाही की चूं नाही. हल्लीच्या पेट्यांना एवढा दम कुठला! पण एकदा तापलो की माझा आवाज असा भरून लागायचा की मागच्या रांगेतला माणूसही पुढे सरकून बसायचा. कितीतरी गणपती मी केले. पूजा केल्या, हौशी नाटकांच्या तालमी केल्या. "शिवरामचाच ॲम्प आणा रे," असं मंडळाची पोरं म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

शिवराम एका बाबतीत फार कडक होते. माझ्या वायरीत तीन तारा आहेत. ते कॉलनीतल्या मुलांना दाखवून सांगायचे, "लाल तार करंट आणते, काळी परत नेते. हिरवी काही करत नाही, नुसती जमिनीत जाऊन बसते. पण आत काही बिघडलं ना, तर करंट माणसाच्या अंगातून जायच्या ऐवजी हिच्यातून जातो. हिला हात लावायचा नाही. कळलं?" मुलं माना डोलवायची आणि पळून जायची.

शिवराम गेले. मग त्यांच्या मुलीने, हेमांगीने, मला पोटमाळ्यावर ठेवलं आणि तिथे मी बारा वर्षं धूळ खात पडलो. त्या बारा वर्षांबद्दल काय सांगणार, कप्पाळ! एक दिवस डोंबिवलीहून एक जण वॉल्व्हचा ॲम्प शोधत आला. त्याचं नाव प्रफुल्ल. त्याने मला खाली उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि मी चालू होतोय हे बघून लहान मुलासारखा हसला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. पुढचं सगळं ऐकताना हे लक्षात ठेवा, तो वाईट माणूस नव्हता.

प्रफुल्ल खाडीकाठच्या एका आगरी गावातला. त्याच्या आजोबांनी जन्मभर मिठागरात काम केलं होतं. मिठागरं गेली, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, घराला बरे दिवस आले. एक मिठाचं कोठार तेवढं खाडीच्या अगदी कडेला शिल्लक राहिलं. प्रफुल्लला कॉलेजात असताना गिटारचा नाद लागलेला, आणि त्यातही ब्लूजचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं. तीच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन, घाई न करता, आपलं दुःख सांगायचं. त्याने कोठारात चाळीस खुर्च्या मांडल्या, मला कोपऱ्यात बसवलं आणि दर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम सुरू केले. ठाण्याहून, कल्याणहून पोरं-पोरी गिटारी घेऊन यायची. कोणी माउथ ऑर्गन वाजवायचं. ओहोटीला खिडकीतून चिखलाचा वास यायचा, कोपऱ्यावर बोंबील तळले जायचे, आणि मी गात असायचो. ते दिवस माझे सगळ्यात सुखाचे. फक्त एक होतं. त्या भिंतींत आणि जमिनीत पिढ्यान् पिढ्यांचं मीठ मुरलेलं होतं. फरशी बारमाही ओलसर असायची, आणि ती खारी हवा हळूहळू माझ्या पोटात शिरत होती.

कोठाराच्या मागच्या भिंतीला लागून ठमाबाईंची खोली होती. ठमाबाई प्रफुल्लच्या चुलत काकी. गावातल्या शेवटच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासूनचे विधी ज्या गाण्यांवर चालतात ती गाणी म्हणजे धवले, आणि ती गाणारी बाई ती धवलारीण. लग्नघरात तिचा मान मोठा. एका शनिवारी त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. आत एक मुलगा गिटारवर संथ काहीतरी वाजवत होता. ते संपल्यावर म्हणाल्या, "ह्ये तं आमच्या धवल्यावानीच हाय रं. तोच तो बोल फिरून फिरून येतंय."

झालं! प्रफुल्लच्या डोक्यात किडा शिरला. ठमाबाईंना मिठागराचा एक लांबलचक धवला येत होता. त्यांच्या सासूने शिकवलेला. तो पुरता येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. आवडाबाई नावाची त्यांची जोडीदारीण मागून सूर धरायची, पण पुढची ओळ तिला ठमाबाईंनीच द्यावी लागायची. ठमाबाईंची नात करिश्मा शिकू म्हणत होती, अजून चार ओळींच्या पुढे गेली नव्हती. "काकी, तू गेलीस की तो धवला गेला," प्रफुल्ल तोंडावर म्हणाला. "मला एकदा रेकॉर्ड करू दे."

"लगीन नाय, हलद नाय, नि धवला कसा म्हनाचा?" ठमाबाई म्हणाल्या. "खेल हाय का त्यो? द्येवांना बोलवाचा नि पाटावर बसवाला नवरी नाय?"

प्रफुल्ल महिनाभर त्यांच्या मागे लागला. शेवटी त्यानेच तोड काढली. करिश्माचं लग्न ठरलेलं होतं, वैशाखात. "करिश्माच्या नावाने म्हण. तिच्या लग्नाचाच समज, थोडा आधी." म्हातारी विरघळली. पण तिने अटी घातल्या. जागा धुऊन पाण्याचा सडा घालायचा. ती अनवाणी उभी राहणार, चपला घालून धवला म्हणत नाहीत. आणि एकदा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नाही.

तो रविवार होता, दुपारची वेळ. फरशी धुतली, सडा घातला. ठमाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या, आवडाबाई शेजारी, करिश्मा समोर पाटावर. प्रफुल्लने लॅपटॉप मला जोडला आणि मी गुरगुरायला लागलो. घूंऽऽ असा एक आवाज, थांबेचना. त्याने वायरी उलटसुलट केल्या, मला उचलून दुसरीकडे ठेवलं. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज चालणार नव्हता. बायका ताटकळल्या होत्या. मग त्याने माझा प्लग उघडला. ही युक्ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पुष्कळ पोरांना माहीत असते. त्याने कात्री घेतली आणि हिरवी तार कापली.

"आजच्यापुरतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

गुरगुर बंद झाली. प्रफुल्लला केवढा आनंद झाला! मी मात्र आतून हादरलो होतो. त्या खाऱ्या हवेने माझ्या पोटातला एक पार्ट कधीच सडवला होता. तिथून करंट झिरपत माझ्या लोखंडी अंगात उतरत होता, आणि हिरवी तार तो मुकाट्याने जमिनीत नेत होती. आता तो माझ्या अंगावरच राहिला. माझ्या अंगातून माइकच्या वायरीत, आणि तिथून माइकच्या स्टीलच्या दांड्यात. मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा पेट्यांचं ओरडणं म्हणजे तीच गुरगुर, आणि तिचा बंदोबस्त झाला होता.

माइक आधी स्टँडवर होता. ठमाबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. "पयला मान खारीच्या पान्याला, दुसरा मान मिठाच्या रानाला..." मित्रांनो, मी हजारो गळे ऐकले आहेत. असा एकही नव्हता. करिश्मा रडायला लागली. तीन मिनिटं मी तो आवाज जिवापाड सांभाळला. मग माइक जरा उंच वाटला म्हणून ठमाबाईंनी ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहून उजव्या हाताने तो धरला.

त्यांना तो सोडता येईना. तोंडातून वेगळाच आवाज आला. प्रफुल्लने झेप घेऊन बटण बंद केलं तेव्हा त्या खाली पडल्या. दोन बोटं भाजली होती. हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर म्हणाले, नशीब थोर म्हणून वाचल्या.

वाचल्या, पण कशा!

आवडाबाई त्याच संध्याकाळी कोठाराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दोन वर्सा त्या मशीनवर पोरां गातान, कोनाला काय झाला नाय. आजच कसा झाला? लगीन नसताना धवला म्हनला, द्येवांना नाय चालला." जमलेल्या बायकांनी माना डोलवल्या. प्रफुल्ल तिथेच होता. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतोय. त्याने तोंड मिटलं. हो म्हणाला नाही, पण नाही तरी कुठे म्हणाला? कापलेल्या तारेचा तुकडा त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

माझा राग येत असेल तर येऊ द्या. मला त्याचा येतो.

कार्यक्रम बंद झाले. माझ्यावर चादर टाकली गेली. पण मला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. करिश्माच्या हळदीला ठमाबाई खोलीबाहेर आल्या नाहीत. करिश्मा दाराशी येऊन विनवत होती, "आजी, धवला नको म्हणूस, नुसती बस तरी ना गं!" आतून उत्तर आलं, "माजी सावली नको तुज्यावर." लग्नात डीजे लागला. करिश्मा खडवलीला सासरी गेली. पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. त्या दिवशी ठमाबाईंनी कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. ती भिंत माझ्या पाठीला लागून होती. प्रत्येक धक्का मला कळला. "मीच खाल्ला गं तुजा लेकरू," असं त्या म्हणत होत्या.

प्रफुल्ल त्यांना रोज भेटायला जायचा. फळं न्यायचा, औषधं न्यायचा, चांगल्या डॉक्टरला दाखवायचा. सेवा म्हणाल तर पोटच्या पोराने केली नसती अशी. करिश्मा माहेरपणाला आली की म्हणायची, निदान चार ओळी तरी शिकव. ठमाबाई तोंडावर पदर घ्यायच्या. तो धवला आता कोणाच्या दारात नको, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

तिसऱ्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी प्रफुल्ल जवळ बसला होता. बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "माजाच चुकला ना रं, बाला?"

मी वाट बघत होतो. देवाशपथ सांगतो, एवढी वाट मी आयुष्यात कशाची बघितली नव्हती. एक वाक्य. म्हातारी सुटली असती.

"जाऊ दे ना काकी," प्रफुल्ल म्हणाला. "झालं ते झालं. तू आराम कर."

चार दिवसांनी ठमाबाई गेल्या.

बारावं झाल्यावर करिश्मा कोठारात आली. "काका, आजीचं रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे? मला दे." प्रफुल्लने लॅपटॉप लावला. तीन मिनिटं तो आवाज पुन्हा त्या खोलीत होता, आणि मग ती किंकाळी. करिश्माने कान झाकले. मग हात खाली घेऊन म्हणाली, "पुढचं?"

"पुढचं नाही. एवढंच आहे." मग तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गुरगुर, कात्री, हिरवी तार. रडत रडत सांगितलं. देवाबिवाचं काही नव्हतं, माझ्या हातून झालं, म्हणाला.

करिश्मा उभीच होती. "आजीला सांगितलेलंस?"

"नाही."

"माझं बाळ गेलं, ती डोकं आपटत होती, तेव्हा पण नाही?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग आता मला कशाला सांगतोस?" एवढं बोलून तिने पर्स उचलली आणि निघून गेली. रेकॉर्डिंगसुद्धा घेतलं नाही.

तो गेल्या महिन्यातला दिवस. दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने माझ्यावरची चादर काढली, सडलेला पार्ट बदलला, प्लग उघडून हिरवी तार नीट जोडली आणि टेस्टर लावून दोनदा तपासलं. मी आता ठणठणीत आहे. तो रोज संध्याकाळी मला चालू करतो, मी तापतो, आणि तो गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहतो.

मित्रांनो, विजेच्या वस्तू जपून वापरा, तिसरी तार कधी कापू नका, हे तर मी सांगणारच. शिवरामांनी मला त्यासाठीच घडवलं. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. तुमच्या हातून चूक झाली आणि तिचा दोष दुसरंच कोणी स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलं असेल, तर फळं नेऊ नका, औषधं नेऊ नका. आधी जाऊन खरं सांगा. मार पडेल, शिव्या पडतील, पडू द्या. ठमाबाई तीन वर्षं तिथेच होत्या हो, कोठाराच्या दारापासून आठ पावलांवर.