वीरचक्राचा कागद

कामरगावच्या भागिरथाबाईंच्या प्रसेनजितला वीरचक्र मिळालं आणि गावाला एकदम आठवलं, की हा पोरगा आपलाच. लढाऊ विमान घेऊन त्यानं सीमेवर नेमकं काय केलं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द भागिरथाबाईंनाही नव्हतं. विचारलं की तो हसायचा अन् म्हणायचा, "माय, कागदात लिहेलं हाये." पदकासोबत आलेला तो कागद इंग्रजीत. हायस्कूलच्या हरीओम सरांनी त्याचं मराठी केलं होतं आणि ते सत्कारात वाचून दाखवणार होते. तेवढं ऐकण्यासाठी बाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून सकाळपासून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

सत्कार समितीचे अध्यक्ष गावचे मोठे बागायतदार मोहनसिंग. फ्लेक्सवर त्यांचा फोटो विमानापेक्षा मोठा होता. विमानाखालच्या कोपऱ्यात प्रसेनजितही होता, शोधला तर सापडायचा. पदकाची फीत अर्धी निळी, अर्धी भगवी. त्यामुळे निळे झेंडेवाले आणि भगवे झेंडेवाले, दोघेही सरकारनं आपलाच मान राखला म्हणून खूश होते.

आपल्याकडे सत्काराची एक रीत आहे. आधी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. अध्यक्षांना शाल, अध्यक्षांना शाल देणाऱ्याला शाल, मंडपवाल्याला शाल. अशा एकोणीस शाली गेल्या आणि विसावी, म्हणजे प्रसेनजितची, काही केल्या सापडेना. शेवटी मोहनसिंगांनी आपल्या खांद्यावरची काढून त्याला घातली, फोटो झाला, आणि ती परत घेतली.

मग ते चाळीस मिनिटं बोलले. या पोरानं पहिला पतंग माझ्या वावरात उडवला, तिथूनच त्याला आभाळाची ओढ लागली, असं त्यांचं म्हणणं. त्याच वावरातून त्यांनी पोराला हाकलून लावलं होतं, हे बाईंना चांगलं आठवत होतं. पण त्यांनी नजर हरीओम सरांच्या हातातल्या कागदावरच ठेवली. कागद वाचायचा राहिला होता.

तेवढ्यात मागून पंगतीसाठी भाजलेल्या रोडग्यांचा वास सुटला आणि लोक उठू लागले. मोहनसिंगांनी घड्याळ पाहिलं. वाचन राहू द्या, पेपरात छापून आणू, असं सांगून त्यांनी वीरमातेला साडी घ्यायला वर बोलावलं. बाई चढल्या, पण हात पुढे केला नाही.

"साडी राहू द्या, भाऊ. पह्यले कागद वाचा."

माईक चालू होता, त्यामुळे टाळणं जमलं नाही. हरीओम सरांनी वाचलं. गेल्या वर्षी याच महिन्यातली दहा तारखेची पहाट. शत्रूच्या माऱ्यात प्रसेनजितच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं. माघारी फिरायची मुभा होती. तरीही जखमी साथीदाराचं विमान तळावर उतरेपर्यंत त्यानं सोबत सोडली नाही. स्वतःच्या जिवाची जराही पर्वा केली नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त बाईंनी टाळी वाजवली नाही. त्या दहा तारखेचा हिशेब लावत होत्या. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. त्यांनी पोराचा हात धरला.

"त्या दिसी तू मले म्हने, हापिसात बसून राह्यलो. अन् मी येडी तुले अर्धा घंटा म्हशीचं सांगत बसली."

प्रसेनजितची मान खाली गेली. आणि बाई, वर्षभर उशिरा का होईना, घाबरल्या आणि भर सभेत त्याचा हात धरून रडू लागल्या.