पूंगोडीने केलेली आरती

पीळमेडूच्या पंप कारखान्यात सगळी मशिनं थांबली होती आणि सगळी माणसं एकाच मशिनभोवती गोळा झाली होती. आटे पाडायचा टॅप चंदेरी ठोकळ्यात गरगरत उतरला आणि अख्खाच्या अख्खा वर आला!

"मुरुगा! मुरुगा!" निम्म्यांनी हात जोडले. मशिनांची आयुधपूजा झाल्यापासून पाच दिवसांत अकरा टॅप मोडले होते.

"सांगितलं नव्हतं?" मशिनची बाधा उतरवायला आलेले वेलायुधस्वामी दाढी कुरवाळत म्हणाले. "टॅप फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये शनी वक्री बसलाय. बाईच्या हाताने चिडतो. माझ्या मंतरलेल्या पोलादी ठोकळ्यापुढे कसा मुकाट झाला! हिला मशिनवरून काढा."

'ही' म्हणजे पूंगोडी. मशिनचे प्रोग्रॅम तीच लिहायची. मालक कंदसामी अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पूंगोडी अम्मा, उद्यापासून तू पॅकिंगला..."

"जाते की, अण्णा," ती गोड हसली. "पण एवढा चमत्कार झाला, ठोकळ्याला आरती नको?"

"नको, नको! स्पर्श वर्ज्य!" स्वामी दचकले.

"शिवतंय कोण? नुसती ओवाळते."

तिने जळत्या कापराचं ताट ठोकळ्याला अगदी खेटून ओवाळलं. तिसऱ्या फेरीला पोलादाला घाम फुटला. पाचव्या फेरीला एक कोपरा लवला आणि चंदेरी रंगाचा ओघळ टेबलावर उतरला.

"स्वामी, शनी वितळला हो!" फिटर मरुदाचलम ओरडला.

"मेण आहे!" पूंगोडीने नखाने ढलपी काढली. "शिकताना प्रोग्रॅम तपासायला आम्ही हेच कापायचो. यात टॅप कशाला मोडेल? आणि आटे कुठायत? नुसतं उकरलंय."

स्वामी एव्हाना दारापाशी पोचले होते. एक चप्पल आत राहिली.

"मग आपले अकरा का मोडले गं?" अण्णांनी हळूच विचारलं.

तिने मशिनचं मागचं झाकण उघडलं. "स्पिंडल किती फिरला हे मोजणारा हा डोळा. एका फेऱ्याला टॅपने एकाच आट्याएवढं खाली जायचं. मोजणी चुकली की फिरणं एकीकडे, उतरणं दुसरीकडे. कडाक्!"

डोळ्यावर चंदनाचा बोटभर थर, वर कुंकू.

"हे कोणी केलं?"

"मीच," अण्णा पुटपुटले. "पूजेला. म्हटलं, पोटातही देव असेल."

तिने डोळा पुसला, खराखुरा पोलादी ठोकळा लावला, बटण दाबलं. टॅप उतरला. वर आला. अख्खा! अण्णांनी आट्यांत बोल्ट फिरवून पाहिला. लोण्यात गेल्यासारखा गेला.

"पॅकिंगचं... मी बोललोच नाही."

"पूजा करा, अण्णा, मनापासून करा. पण मशिन बिघडलं तर आधी झाकण उघडून बघा. माणसाला मग काढा."