चैत्र सुद पूनम

फतेगंजमधल्या एका हॉलमध्ये जुन्या शेठच्या पेढीतलं सामान लिलावाला निघालं, तेव्हा मल्हाररावांनी मला बरोबर नेलं. "जयवंतराव, तुम्ही ग्रंथालयात जन्म काढलात. तारखांचं तुम्ही बघा, पैशाचं मी बघतो," म्हणाले. मी नको म्हणत होतो. तारखांचंही मला कधी नीटसं खात्रीचं वाटत नाही.

मल्हाररावांचे वडील, अण्णा, संस्थानच्या पलटणीत होते, नंतर या शेठकडे पहारेकरी. शेठची रीत अशी, की दर हनुमान जयंतीला एका पहारेकऱ्याला मनगटी घड्याळ द्यायचं. वडिलांना ते मिळालं, आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले. इंग्रजी सन १९४८. मल्हारराव तेव्हा चार वर्षांचे. आई, रखमाबाई, हिने घड्याळ परत पेढीवरच विकलं. वडिलांचा फोटो नाही, पागोटं नाही, काहीच उरलं नाही. उरली ती आईने सांगितलेली ही गोष्ट.

टेबलावर तसली दोन घड्याळं होती. दोन्ही स्विस, स्टीलची, पिवळ्या पडलेल्या तबकडीची, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. पाठीवर गुजरातीत शेठचं नाव आणि हनुमान जयंतीची तिथी कोरलेली, घेणाऱ्याचं नाव नाही. एकावर चैत्र सुद पूनम, संवत २००४. दुसऱ्यावर चैत्र सुद पूनम, संवत २००५.

"कुठलं?" मल्हाररावांनी माझा दंड धरला.

संवतावरून इंग्रजी सन काढायला मी मनात सत्तावन्न वजा केले. दोन हजार पाचातून सत्तावन्न गेले, अठ्ठेचाळीस. शाळेत शिकलो होतो तसं. आणि आयुष्यात क्वचितच होतं ते त्या दिवशी झालं, मला शंका आली नाही. "हे," मी म्हणालो.

दुसरं घड्याळ बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने घेतलं.

पुढचे काही आठवडे मी भिंग घेऊन त्या घड्याळाच्या मागे होतो. घड्याळजीने झाकण उघडून आतला क्रमांक लिहून दिला. पुस्तकांत शोधलं, नातवाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. यंत्र शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराचं निघालं. सगळं जुळलं. मल्हाररावांनी नवा पट्टा लावला. जेवतानाही घड्याळ काढेनात. त्यांची सूनबाई शलाका हसून म्हणाली, "काका, बाबा आता आंघोळीला जाताना ते माझ्याकडे सांभाळायला देतात. मला हात लावायची भीती वाटते."

दिवाळीचा पाडवा आला. सकाळीच शेजारच्या कोमलबेन मिठाईची ताटली घेऊन दारात उभ्या. "साल मुबारक, काका! ब्यासीनी साल बेठी!"

"साल मुबारक," मी म्हणालो. ताटली घेतली. आणि तसाच उभा राहिलो.

साल आज बदललं, संवत २०८२ लागलं. चैत्रात नाही. गुजरात्यांचं संवत दिवाळीला बदलतं, हे कारेलीबागेत गुजराती शेजाऱ्यांत मी जन्मभर बघत आलो आहे. आमच्या घरात मात्र वर्ष चैत्रात, गुढीबरोबर सुरू होतं, आणि मी शेठच्या घड्याळावर आमच्या घरचं वर्ष लावलं होतं. त्यांचा चैत्र वर्षाच्या मध्यात येतो, तिथे छप्पन्न वजा करायचे. म्हणजे संवत २००५ चा चैत्र एकोणपन्नास सालचा. तोवर मल्हाररावांचे वडील गेलेले होते. अठ्ठेचाळीसचा चैत्र दुसऱ्या घड्याळावर होता. शेजारीच पडलेल्या.

मी लिलाववाल्यांना फोन लावला. सणाचा दिवस असूनही माणूस नीट बोलला. तो व्यापारी रोख देऊन गेला होता. नाव पत्ता काही नाही.

संध्याकाळी जुनं पंचांग पिशवीत घालून मल्हाररावांकडे गेलो. जिन्यावर दोनदा थांबलो. ते झोपाळ्यावर बसले होते, मनगट मांडीवर उताणं ठेवून.

"या! शलाका, जयवंतराव आले, चकल्या आण."

मी बसलोच नाही. "मल्हारराव, माझी चूक झाली. हे घड्याळ तुमच्या वडिलांचं नाही. दुसरं होतं." मी सगळं सांगितलं, छप्पन्न, सत्तावन्न, दिवाळी, चैत्र. इतकं सरळ मी कधी बोललो नसेन.

ते ऐकत राहिले. मग मोठ्याने हसले. "ऐकलंस का शलाका? यांना परत शंका आली!"

"शंका नाही हो. खात्री आहे."

"तुम्हाला? घराला कुलूप लावून चारदा ओढून बघता तुम्ही. माझ्या पोराच्या, धैर्यशीलच्या लग्नात आहेर दिलात आणि पाकिटात पैसे घातले होते ना, म्हणून दुसऱ्या दिवशी विचारायला आलात!"

शलाकाही हसली. "काका, बसा तरी. चहा टाकते."

मी पंचांग काढलं. "हे बघा ना, इथे…"

"ठेवा ते. लिलावात मी विचारलं तेव्हा क्षणात बोट ठेवलंत. तुम्ही असे कधी बोट ठेवता का? मी तेव्हाच ओळखलं, हेच." ते घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. "आईच्या नंतर प्रथमच कोणी मला सांगितलं, की हे तुमच्या वडिलांचं."

माझ्याजवळ आणखी काय पुरावा होता? मीच होतो, आणि माझं कोण ऐकणार.

"बरं, ते राहू द्या," त्यांनी हात पुढे केला. "माझ्या बोटांत जोर नाही राहिला. आजची चावी द्यायची राहिलीय. द्या बघू तुम्ही."

मी चष्मा पुसला. त्यांचं मनगट हातात धरून ती बारीक चावी फिरवू लागलो. घट्ट होईपर्यंत फिरवली.

"जास्त नको," ते म्हणाले. "अण्णांचं आहे."